भेगेतली लाख

पाऊस उघडला की निजामला कामाची वाट बघावी लागत नसे. झडीत गाड्या भिजायच्या, आणि ऊन पडलं की त्यांचे मालक कपाळाला आठ्या घालून मलकापुरात हजर व्हायचे. हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज होतं. चार लोखंडी खांब, वर पत्रे, आणि तीस वर्षांच्या ऑईलनं काळीकुट्ट झालेली जमीन. निजाम तसा खडूसच. गाडीच्या नाकाला लिंबू-मिरची टांगलेली दिसली, की "हे आधी काढा, मग बॉनेट उघडतो," म्हणायचा. इंजिन बिघडायला कारण लागतं आणि शोधलं की ते हाताला लागतं, यापलीकडे त्याचा कशावर विश्वास नव्हता.

१९९५च्या भाद्रपदात, पाच दिवसांच्या झडीनंतर, सकाळी दहाच्या सुमारास कुंडलचा नानासो आपला ट्रक घेऊन आला. नानासोचा मंडपाचा धंदा. गाडी लष्कराच्या लिलावातली, जुनी, सहा सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. मागे बांबू आणि ओल्या कनातींचा कुबट वास. ती आत शिरली तीच ठसकत.

"निजामभाई, लय मिसिंग मारतीया," नानासो खाली उतरत म्हणाला. चांगला सहा फुटी गडी. स्टिअरिंगखालून गुडघे सोडवायलाच त्याला वेळ लागला. "कोरड्यात झाक पळती. पाऊस लागला की चढाला दम सोडती."

"एवढ्या लांब आणलीस? कुंडलात कोण न्हाई व्हय बघाय?"

"हाय की. आपल्या आकारामच्या ज्ञानूनं गॅरेज टाकलंय, स्टँडामागं. गुणी माणूस हाय. पर त्याच्याकडं गाडी कोण लावंल? बापानं केलेलं गाव इसरलं न्हाई. जोतिबा अजून कुबडी घेऊन फिरतोय."

निजाम पाना शोधायला वळला. पाना त्याच्या हातातच होता.

ओल्या दिवसांत मिसिंग आलं, म्हणजे इंजिनाचा ठोका चुकायला लागला, की पहिला संशय कॅपवर घ्यायचा. सहा प्लगांना ठिणगी वाटून देणारी ती काळी टोपी. तिला केसाएवढी भेग गेली तरी कोरड्यात काही कळत नाही. ओल शिरली की ठिणगी भेगेतून भलतीकडे पळते. निजामनं नानासोला नवी कॅप आणायला कराडात पिटाळलं आणि बॉनेट उघडलं.

मिसिंग शोधायची रीत सोपी असते. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर आवाज पडला, तर तो सिलिंडर कामाचा. पडला नाही, तर चोर तोच. पण या कामाला दोन माणसं लागतात, एक बॉनेटखाली आणि एक केबिनमध्ये, ॲक्सिलेटरवर. बारा वर्षं केबिनमध्ये त्याचा गॅरेजातला जोडीदार आकाराम बसायचा. बुटका होता. पाय पुरायचा नाही, म्हणून पाठीमागे पोत्याची घडी घालायचा. निजाम खालून "दे" म्हणाला, की तो एकदम दाबत नसे. आधी दोन हलके झटके, मग सावकाश दाब. इंजिनाला आधी विचारून घ्यावं गड्या, असं त्याचं म्हणणं.

सत्त्याऐंशीच्या पावसात कुंडलची अशीच एक लष्करी गाडी आली होती. कॅपला भेग होती. आकाराम म्हणाला, "ही चालायची न्हाई, नवी आणू." दुकानं बंद होती, मालकाला घाई होती. आकाराम जेवायला गेला, तेवढ्यात निजामनं भेगेत तापलेली लाख भरली, थुंकी लावलेल्या अंगठ्यानं दाबली, कॅप बसवली आणि गाडी सोडली. कोयनेच्या बाजूला घाटात पाऊस लागला. गाडी चढाला बंद पडली. चाकामागे दगड लावायला क्लीनर जोतिबा उतरला आणि गाडी मागे सरली, त्याच्या पायावर.

मालकानं गॅरेजात येऊन एकच विचारलं. "कॅप कुणी बसवली?"

"आकारामनं," निजाम म्हणाला.

आकाराम तिथंच होता. त्यानं निजामकडे बघितलं, चिंध्यांना हात पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही. चौथ्या वर्षी तो आजारी असल्याचं कळलं, तेव्हा निजाम कराड स्टँडवर गेला, कुंडलच्या एसटीत बसला, आणि एसटी सुटायच्या आत उतरला. त्या उतरण्याची लाज त्याला आजही वाटायची. आठवड्यानं आकाराम गेला.

आज केबिनमध्ये कुणी नव्हतं. निजामनं इंजिन चालू केलं, खाली येऊन पहिली वायर काढली. आवाज पडला. वायर परत लावली.

"दे," तो म्हणाला. जुन्या सवयीनं तोंडातून गेलं, आणि त्यानं जीभ चावली.

इंजिनानं दोन हलके झटके घेतले. मग आवाज सावकाश चढत गेला.

निजामनं वाकून बघितलं. केबिनमधून येणारी ॲक्सिलेटरची सळई ताणलेली होती. त्यानं ती चिमटीत धरली. पलीकडून पाय ठेवलेला असावा तशी ती घट्ट होती. ओलीनं गंजून अडकली असेल, असं त्यानं ठरवलं.

"सोड," तरी तो म्हणालाच. सळई सैल पडली.

तो बाजूनं जाऊन केबिनमध्ये चढला. आत कुणी नव्हतं. पेडल वर होतं. ड्रायव्हरच्या सीटला, पाठ टेकायच्या जागी, पोत्याची घडी घातलेली होती. नानासोची असेल, मंडपवाल्याकडे पोत्यांना काय तोटा. खाली उतरल्यावर त्याला नानासोचे गुडघे आठवले.

त्यानं सळईची स्प्रिंग बदलली. मग दुसरी वायर काढली, तिसरी काढली. आता तो काही बोलत नव्हता. पण वायर परत लागली, की बरोबर त्या वेळेला दोन झटके यायचे आणि आवाज चढायचा.

सहाही वायरी काढून झाल्या. सहाही वेळा आवाज पडला. म्हणजे सहाही सिलिंडर कामाचे होते. आणि तरी इंजिन ठसकत होतं. निजामनं डोळे मिटून मोजलं, पुन्हा मोजलं. सहा ठोके पुरे पडत होते आणि त्यांच्यामध्ये एक जागा रिकामी जात होती.

त्यानं इंजिन बंद केलं, क्लिपा सोडल्या आणि कॅप काढून उन्हात धरली.

कॅपला भेग होती. भेगेत लाल लाख भरलेली होती. लाखेत अंगठ्याचा ठसा होता आणि ठशाला तिरका छेद होता.

निजामच्या उजव्या अंगठ्यावर तसाच व्रण होता, रेडिएटरच्या पंख्याचा. ती गाडी भंगारात जाऊन आता कितीतरी वर्षं झाली होती. आणि ही कॅप त्यानं स्वतः काढून कोयनेच्या पुलावरून खाली फेकली होती. पाण्यात पडताना बघितली होती.

त्यानं लाखेत नख रोवून बघितलं. दगडासारखी टणक.

तो गाडीच्या पायरीवर बसला. हायवेवरून गाड्या जात होत्या, समोरच्या टपरीवर चौघंजण चहा पीत होते. सगळं रोजच्यासारखं होतं.

"आकाराम," तो हळूच म्हणाला, "चूक माझी हुती. नानासो आला की सांगतो. ज्ञानूला गाड्या मिळत्याल."

उघड्या बॉनेटखाली, बंद इंजिनावर सळई दोनदा हलली. हलकेच. मग दाब आला नाही. ती तशीच थांबून राहिली.

नानासो बाराला आला. निजामनं जुनी कॅप खाकी शर्टाच्या खिशात टाकली, नवी बसवली. इंजिन एका आवाजात चालू लागलं. टपरीवरचे चौघं उठून बघायला आले.

"याला म्हणत्यात हात," नानासो त्यांना सांगू लागला. मग निजामकडे वळला. "त्या वक्ताला बी ते काम तुमीच केलं असतं, तर जोतिबाचा पाय ऱ्हायला असता. आकारामनं घात केला. खरं का न्हाई?"

वाक्य निजामच्या जिभेवर तयार होतं. चौघं बघत होते. पैकी दोघांच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. जोतिबाची कुबडी त्याच्या डोळ्यांपुढे आली.

"व्हय," तो म्हणाला.

नानासो केबिनमध्ये चढला. "पाठीला हे पोतं कुणी घातलं?" म्हणत त्यानं घडी काढली आणि खिडकीतून खाली टाकली. गाडी रस्त्याला लागली. कुठेही ठसकली नाही. वळणापर्यंत तिचा आवाज साफ ऐकू येत होता, आणि आकारामला आपण दुसऱ्यांदा पुरलं हे निजामला तेवढ्याच साफ कळत होतं.

चौघं चहाकडे परत गेले. निजामला छातीशी ऊब लागली. उन्हात उभा आहे म्हणून असेल, असं त्याला आधी वाटलं. मग त्यानं खिशात हात घातला आणि कॅप बाहेर काढली.

बाकी कॅप थंड होती. नुसती भेग गरम होती.

त्यानं अंगठा टेकवला. लाख मऊ होती. अंगठा आत रुतला.

त्यानं तो उचलला. ठसा ताजा होता, आणि कडेनं थोडी थुंकी चमकत होती.