एक चाळीसची घंटा

स्टेशन बंद होणार होतं आणि वरच्या ऑफिसला त्याचा इतिहास हवा होता, दोन पानी. हयातीत ज्याला धड पंखा मिळाला नाही, त्याच्या मागे हा थाट! पुढच्या महिन्यात निवृत्त होणाऱ्या मास्तरांनी कपाळाला आठ्या घालत कपाटातल्या जुन्या डायऱ्या खाली काढल्या.

इतिहास तो काय? एक फलाट, दोन बाकं, पाण्याची टाकी आणि पन्नास वर्षांपूर्वीची एक दुपार. त्या दुपारी पलीकडच्या स्टेशनाने घंटा वाजवून लाईन क्लियर मागितला होता. पुढच्या स्टेशनाने ‘रस्ता मोकळा आहे’ म्हटल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम. इथे मालगाडीचा डबा घसरला होता, म्हणून इथल्या तेव्हाच्या मास्तरांनी नकार दिला. त्यांचं काही चुकलं नाही. प्रवाशांनी भरलेली गाडी तिकडेच थांबली, वरचं धरण फुटलं आणि गाडीसकट ते स्टेशन वाहून गेलं.

तिकडचे मास्तर म्हणजे आत्ताच्या ह्या मास्तरांचे वडील. वय बत्तीस. हे तेव्हा नऊ वर्षांचे होते.

पण डायऱ्या सलग कधी कोणी वाचल्याच नव्हत्या. त्या तारखेला दरवर्षी एकच नोंद, अक्षर तेवढं वेगळं: ‘१.४०. पलीकडून घंटा. लाईन क्लियर मागितला. तिकडे स्टेशन नाही. नकार दिला.’ शेवटच्या अकरा नोंदी त्यांच्याच हातच्या होत्या. घंटेचं यंत्र जुनं झालंय, असं म्हणून त्यांनी दरवेळी विषय झटकला होता.

आज तीच तारीख होती.

एक चाळीसला घंटा वाजली. आज त्यांनी नीट कान दिला. दोन ठोके, जरा थांबून तिसरा. वडील घराचं दार असंच वाजवायचे.

“साहेब, देऊ नका हं,” म्हातारा पोर्टर दारातून म्हणाला. “एकदा हो म्हटलं की येईल ती गाडी घ्यावी लागते.”

“पन्नास वर्षं माणसं खोळंबलीत रे.”

“आणि तुमचे बाबा?”

“ते गाडीत नसणार. गाडी पोचल्याचं कळेपर्यंत मास्तर खुर्ची सोडत नाही.” त्यांनी यंत्राकडे हात नेला. “मी नाही म्हणत राहिलो, तर ते सुटणार कसे?”

त्यांनी लाईन क्लियर दिला.

अकरा मिनिटं गेली. त्या बाजूचे रूळ केव्हाच उखडले होते. तिथून काहीच आलं नाही. फक्त गढूळ पाण्याचा वास आला. फाटकापाशी पोर्टरने सवयीने तिकिटांसाठी हात पुढे केला होता. त्याच्या मनगटावरून पाणी ठिबकत होतं.

“लहान मुलं आहेत, साहेब,” तो कुजबुजला. “बरीच आहेत.”

मास्तरांनी ‘गाडी पोचली’ची घंटा दिली. पलीकडून लगेच एक ठोका आला.

म्हणजे, ‘समजलं’.

पोर्टर घरी गेला. मास्तर बसून राहिले.

उन्हं कलली तेव्हा खडीवर बूट वाजले. ओले, घाईघाईचे.

मास्तर उठले. पांढऱ्या केसांवरून त्यांनी हात फिरवला.

दारात एक तरुण उभा होता.

“आजोबा, इथले मास्तर कुठायत? जरा चार्ज देऊन निघतो. घरी पोरगं उपाशी असेल हो, मी गेल्याशिवाय जेवत नाही.”