लॉरीची पायरी

पोलीस ठाण्याचे अमीन रेवणप्पा वाशीच्या आडतीवर पोचले तेव्हा बब्रुवान ड्रायव्हर लॉरीच्या दाराखाली पडलेला होता. डोकं दगडावर आपटलेलं. श्वास थांबलेला.

हमाल बिभीषण बाजूला उकिडवा बसला होता. लोकांनी त्याचे हात बांधले होते.

"यानंच ढकललं," बब्रुवानची आई सारजाबाई म्हणाली. तिला शेजारच्या गावाहून बैलगाडीतून आणलं होतं. "सकाळी माझ्या दारात भांडत होता. फासावर द्या याला."

"कशावरून भांडलास रे?"

"उतरण्यावरून, साहेब. बब्रुवान बाहेर तोंड करून पायरीवर पाय टेकायचा अन् उडी मारायचा. म्या म्हणलं, दाराला धरून उलटा उतर. तर म्हणला, म्या काय म्हातारी हाय व्हय?"

"तो पडला तेव्हा तू कुठं होतास?"

"मागं, पोत्यांवर. नुसता आवाज आला."

रेवणप्पांनी मयताच्या चपला उलट्या केल्या. डावीचा तळ कोरडा होता. उजवीचा चकाकत होता. त्यांनी पायरीवरून बोट फिरवलं. इंजिनचं तेल काळं असतं. हे पिवळसर होतं, करडईचं.

"वाटेत थांबलात?"

"न्हाय. सारजामावशीच्या दारात तो आत बसूनच होता. म्या पुढं जाऊन इंजिनाला हँडल मारलं अन् निघालो."

पंचनामा उरकून प्रेत गावी नेलं. अमिनांनी बिभीषणालाही बरोबर घेतलं.

सारजाबाईच्या उंबऱ्याच्या दोन्ही कडांना तेलाचे ताजे डाग होते. रेवणप्पा ते बघत राहिले.

"मावशी, हे तेल?"

"लेकरू लई दिसानं घरी आलं की घालतेत. पोळ्याला गेला होता, तो आज आला."

"आणि लॉरीच्या दारात?"

"खाली उतरलाच न्हाय. म्हणला, माय, आता हेच माझं घर. मग म्या त्या घराच्या बी..."

तिची नजर उंबऱ्यावरच्या तेलाकडं गेली.

रेवणप्पा हळू बोलले. "तुम्ही तेल घातलंत तेव्हा तो आत बसलेला, हा पुढं. दोघांनीही पाहिलं नाही. वाटेत कुणी उतरलं नाही. त्या पायरीवर पहिला पाय वाशीत पडला, तो बब्रुवानचा. तुमचा उंबरा लाकडाचा, मावशी. त्यात तेल मुरतं. लोखंडात मुरत नाही. त्याला कुणी ढकललं नाही."

सारजाबाई बिभीषणाकडं वळली.

"याचे हात सोडा," सारजाबाई म्हणाली. "अन् त्याला आत आणा. सकाळी आला न्हाय."

बिभीषणानं प्रेताचा खांद्याकडचा भाग उचलला आणि दाराशी आला.

"थांब, बाबा," ती म्हणाली. खाली बसली आणि पदरानं उंबरा पुसू लागली.