रिकाम्या खोलीचं दार

बुआवान लाओसच्या राजधानीत, विएन्तियानला, शिवणकाम करायची. चौतिशी उलटली तरी एकटीने गावाबाहेर पाऊल टाकायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. पण धाकट्या बहिणीचा, दाओचा, फोन आला आणि निघावंच लागलं. दाओ पार उत्तरेला, सीमेवरच्या नाक्याजवळ एका खानावळीत कामाला होती. आठवा महिना, नवरा कामासाठी थायलंडला. "ताई, रक्त जातंय," ती म्हणाली होती. "दवाखान्यातले म्हणतात, तुमचं कुणीतरी माणूस बोलवा..."

खास गाडी करायची तर वर्षाची शिलाई गेली असती. म्हणून मिळेल त्या बसने, टप्प्याटप्प्याने जायचं ठरलं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी उदोमसायला ती पुढच्या गाडीत चढली आणि रिकामी जागा दिसली तिथे बसली.

"ऊठ तिथून," पलीकडून आवाज आला. "मागच्या चाकावर बसलीस तर संध्याकाळी कंबर हातात घेऊन उतरशील. इकडे ये."

बोलणारी बाई साठीची होती. पान खाऊन दात काळे झालेले, पायाशी कापडाची दोन भली मोठी गाठोडी. गाडीतले सगळे तिला मोनमावशी म्हणत होते. तीस वर्षं ती विणलेली लुगडी घेऊन सीमेवरच्या बाजारांत हिंडत होती.

बुआवानने आपलं काम सांगितलं. मोनमावशीने तिला नखशिखान्त न्याहाळलं. "पैसे कुठे ठेवलेत?"

"पिशवीत."

"सगळे? शाबास! आणि पाटी पण लाव पिशवीवर." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तीन ठिकाणी ठेव. थोडे हाताशी, थोडे कमरेला, थोडे भाताच्या टोपलीत तळाला. भाताला कुणी हात लावत नाही. भात आपला न्यायचा, कालवण तेवढं वाटेत घ्यायचं. गाडीवाले जेवतात तिथेच जेवायचं. भाडं विचारायचं नाही, शेजारचा देईल तेवढं द्यायचं. विचारलंस की तू नवखी हे कळलं."

घाटाची वळणं सुरू झाली. तांबडी धूळ खिडकीतून आत येत होती. मोनमावशीने बुआवानच्या हातावर आल्याचा तुकडा ठेवला, ओकारीवरचा उपाय म्हणून.

"आणि रात्र काढायची वेळ आली, तर बाईमाणूस चालवतं ते घर बघ. चटई उचलून ढेकूण बघ. आत शिरण्याआधी दार वाजव."

"खोली रिकामी असली तरी?"

"रिकामी असली तरच. भरलेली असेल तर तू जाशील कशाला?"

बुआवानला हसू आलं. "रिकाम्या खोलीत कोण ‘ये’ म्हणणार, मावशी?"

"कुणी म्हणत नाही. मग खुशाल झोपायचं."

"आणि म्हटलं तर?"

"तर दुसरीकडे झोपायचं. त्यात विचारायचं काय?"

मुआंग खुआला मोनमावशी उतरली, तिचा तिथे बाजार होता. उतरताना तिने बुआवानला नाक्याकडे जाणाऱ्या गाडीत स्वतः बसवून दिलं. दोन बाकांची उघडी गाडी. ड्रायव्हर खामसिंग म्हणजे दणकट, तोंडाळ माणूस. "हिला जपून ने रे," मोनमावशी त्याला म्हणाली. "बहीण अडलीय हिची."

"मावशी, मी माणसं जपूनच नेतो. रस्ताच मला जपत नाही."

तेच झालं. दुपारी तीनच्या सुमाराला धुकं उतरलं. हळूहळू झाडं गेली, दरी गेली, शेवटी समोरचं दहा पावलांवरचंही दिसेना. एका वळणावर खामसिंगने करकचून ब्रेक मारला. पुढे रस्त्यावर डोंगर येऊन बसला होता. ओली लाल माती, मधून मुळं बाहेर आलेली. नाका पलीकडे, वीस किलोमीटरवर.

गाडी मागे घेऊन ते एका वस्तीवर आले. आधीच अडकलेल्या दोन गाड्यांची माणसं तिथे होती. मुक्कामाचं घर एकच आणि ते पेंग नावाची विधवा चालवत होती. बुआवानला बरं वाटलं. बाईमाणूस आहे.

"सगळं भरलंय गं," पेंग म्हणाली. "मागची एक खोली आहे. डोंगराला टेकलेली आहे, ओल येते, म्हणून निम्म्या भाड्यात देते. चालेल?"

बुआवानला चालणार नाही असं काही नव्हतं. पिशवी घेऊन ती घराला वळसा घालून मागे गेली. तिथे धुकं दाट होतं. भिंतीमागे डोंगरातून खडे घरंगळल्यासारखा बारीक आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. आणि वास... नुकत्याच खणलेल्या मातीचा.

दार नुसतं लोटलेलं होतं. बुआवानने इकडे तिकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. आपलंच आपल्याला हसू येत असताना तिने बोटाच्या पेराने तीनदा दार वाजवलं.

"ये की..."

आवाज बाईचा होता. मऊ, दमलेला, पण अगत्याचा.

"ये... सरकून घेतो आम्ही."

बुआवानचा हात तसाच राहिला. आत चटया सरकल्याचा आवाज झाला. एक नाही, बऱ्याच. भरलेल्या गाडीत नवं माणूस चढलं की बाकावरची माणसं जशी एकमेकांना चिकटून जागा करतात, तसा. कुणीतरी हळूच खोकलं.

"माफ करा," ती पुटपुटली. "मला वाटलं, रिकामी आहे." आणि ती उलट्या पावली स्वयंपाकघरात आली.

"ताई, तिथे माणसं आहेत."

पेंग भात वाफवत होती. तिने मान वर केली. "कुठे?"

"मागे. बरीच आहेत..."

पेंगने कंदील उचलला. दोघी गेल्या. पेंगने दार लोटलं तेव्हा आत एक खाट होती, गुंडाळलेली चटई होती, कोपऱ्यात ओल होती. एवढंच. पेंग मात्र उंबऱ्याच्या आत गेली नाही.

"तू दार वाजवलंस?" तिने हळू आवाजात विचारलं.

"हो."

"माझी आई वाजवायची. मी..." पेंगने दार ओढून घेतलं. "मी सोडून दिलं. तू चुलीपाशी झोप. भाडं नको."

पण दिवेलागणीला खामसिंग आला. स्टिअरिंग ओढून खांदे भरून आले होते आणि मागची खोली रिकामी असल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. बुआवानला कळलं तशी ती धावत मागे गेली आणि दारासमोर उभी राहिली.

"दादा, इथे नका झोपू."

"का? तुझ्या नावावर आहे खोली?"

"आत... आवाज येतो."

"माझ्या घोरण्याचा येईल आता. सरक."

बुआवान सरकली नाही. आयुष्यात परक्या माणसाची वाट तिने कधी अडवली नव्हती. मागे, दारापलीकडून, तिच्या पाठीला जाणवेल इतक्या जवळून कुणीतरी हलकेच म्हणालं, "दोघं का?... येऊ दे. जागा होईल..."

खामसिंगला ते ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. तो थांबला. तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग चिडून म्हणाला, "मोनमावशीने शिकवलं ना तुला हे? त्या म्हातारीनं अर्धा मुलूख भित्रा करून ठेवलाय. झोपतो गाडीत. मान अवघडली तर उद्या तूच चालव गाडी." शिव्या पुटपुटत तो निघून गेला.

बुआवान चुलीपाशी पडली. तिला झोप लागली, हेच नवल. पण पहाटे जमीन हलली. आधी कुत्री केकाटली, मग मोठं जनावर अंग झाडतं तसा आवाज, आणि भांडी खाली आली. सगळे बाहेर पळाले. उजाडलं तेव्हा घराचा पुढचा भाग उभा होता, स्वयंपाकघर उभं होतं. मागची खोली नव्हती. तिच्या जागी डोंगर होता.

खामसिंग अनवाणी धावत आला. मातीच्या ढिगाकडे त्याने पाहिलं, मग बुआवानकडे. तो चिखलात गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हात कपाळाशी नेऊन तिला नमस्कार केला.

"दादा, उठा," ती म्हणाली. तिलाही रडू आवरत नव्हतं. "मला बहिणीकडे पोहोचवा. बाकी काही नको."

"चल मग," तो उठत म्हणाला. "पलीकडच्या वस्तीत माझा मेहुणा आहे. त्याची मोटारसायकल आहे."

तिची पिशवी डोक्यावर घेऊन त्याने तिला कोसळलेल्या मातीवरून हाताला धरून पलीकडे नेलं. दहा वाजता ती दवाखान्यात होती. डॉक्टरणीने नाव विचारायच्या आधी रक्तगट विचारला. तो जुळला. दुपारी दाओला मुलगी झाली, सव्वादोन किलोची, पण घसा चांगलाच खणखणीत. दाओने डोळे उघडले आणि म्हणाली, "ताई, कशी आलीस गं तू एकटी?"

"एकटी कुठे आले," बुआवान म्हणाली.

महिन्याने बहीण आणि बाळाला घेऊन ती परत निघाली. रस्ता मोकळा झाला होता. खामसिंगने स्वतः येऊन तिघींना पुढच्या सीटवर बसवलं आणि भाड्याचा एक कीपही घ्यायला तयार होईना. पेंगच्या घरापाशी गाडी थांबली तर ओट्यावर लुगडी पसरून मोनमावशी बसलेली. बुआवान धावली. वाटेतल्या देवळातून आणलेला रक्षणाचा पांढरा दोरा तिने म्हातारीच्या मनगटाला बांधला.

"मावशी, आम्ही तिघी तुमच्यामुळे..."

"चारजण म्हण," खामसिंग मागून म्हणाला आणि त्यानेही आपलं मनगट पुढे केलं.

"पुरे पुरे," मोनमावशी म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. "एवढं सांगितलं, त्यातलं ढेकूण बघायचं तरी लक्षात राहिलं का?"

सगळे हसले. पेंगने गरम शेवयांचा रस्सा आणला. खाता खाता ती म्हणाली, "तुम्हाला एक दाखवायचंय." ओट्याच्या टोकाला बांबूची फळी होती. तिच्यावर जुन्या चपला ओळीने लावलेल्या होत्या. पुरुषांच्या, बायकांच्या. "ढिगारा उपसताना सापडल्या. खोलीच्या मागच्या भिंतीपाशी. अशाच ओळीत. वर एवढा डोंगर, पण एकीलाही माती नाही, कोरड्या ठणठणीत. गावातलं कुणी हरवलेलं नाही. अकरा जोड आहेत. कुणी ओळखेल म्हणून ठेवलेत."

बुआवानने नजर फिरवली. मग परत पहिल्यापासून मोजले.

"ताई... दहाच आहेत."

पेंगच्या हातातला वाडगा खाली आला. ती फळीपाशी गेली, बोट लावून मोजू लागली, आणि टोकाशी थांबली.

"सकाळी होता," ती म्हणाली. "मी झाडलं तेव्हा होता. सगळ्यात लहान, पोराचा... एवढुसा..."

मोनमावशी उठली, गाडीपाशी गेली, दाओच्या मांडीवरून बाळाला उचलून आपल्या छातीशी घट्ट धरलं आणि खामसिंगला म्हणाली, "चल, काढ गाडी. मीही येते पुढपर्यंत."

बुआवान निघताना एकदाच वळली. पंधरा दिवसांत तिथे पाऊस नव्हता. ऊन होतं. फळीच्या टोकाची ती टीचभर रिकामी जागा मात्र ओली होती, आणि बांबूवरून एकेक थेंब खाली गळत होता.