प्रबंधातलं तिसरं प्रकरण

निरुपमाला हवं असलेलं जुन्या निकालांचं दप्तर त्या दिवशी आधीच कोणीतरी घेऊन बसलं होतं.

१९९४ चा फेब्रुवारी होता. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका शिक्षकाची ही मुलगी एलएल.एम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि बडोदे संस्थानाच्या घटस्फोटाच्या कायद्यावर प्रबंध लिहीत होती. देशात जवळजवळ कुठेही नव्हता तेव्हा इथे तो कायदा होता. पण तो वापरायला बायका खरंच कोर्टात गेल्या का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी महिनाभर ती दप्तरखान्यात येत होती.

"बेन, अडतीस सालचं ना?" कारकून मानसिंगराव म्हणाले. "ते त्या खिडकीपाशी गेलं."

खिडकीपाशी एक उंच तरुण पिवळा कागद उजेडात धरून नुसताच बघत होता.

"वाचता येतंय का तुम्हाला?" तिने विचारलं.

"गुजराती येतं. पण हे अक्षर… कारकुनाने घोड्यावर बसून लिहिलंय बहुतेक."

"मग मी वाचते. तुम्ही कागद धरा."

"म्हणजे दप्तर तुमचं झालं?"

"निम्मं निम्मं," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

तो अमोघ. गोत्रीला राहायचा, रिफायनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचा. त्याला एकच निकाल हवा होता. निरुपमा अडखळत वाचत गेली. दुर्गा नावाच्या चोवीस वर्षांच्या बाईने दावा लावला होता. नवऱ्याने तिला कधी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. पण सहा वर्षांत तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. काही सांगायचं झालं तर आईकरवी. हा छळ म्हणायचा का, असा प्रश्न न्यायाधीशांपुढे होता. त्यांनी नवऱ्याला बाजू मांडायला सांगितलं, तर त्याने तिथेही फक्त मान हलवली. न्यायाधीशांनी हा छळच आहे असं लिहून दुर्गेला मोकळं केलं होतं.

निरुपमाने पेन्सिल खाली ठेवली. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिला सापडलं होतं. तसं तिने त्याला सांगितलंही.

मग अमोघने सांगितलं, की दुर्गा ही त्याच्या वडिलांची आत्या. करजणच्या शाळेत तिने आयुष्यभर शिकवलं, अजूनही तिथेच एकटी राहते. ती तरुणपणी विधवा झाली, असंच घरात सगळ्यांना सांगितलं जायचं. खरं काय ते त्याला महिन्यापूर्वीच कळलं होतं. आता बहिणीचं, यशश्रीचं, लग्न ठरत होतं.

"सगळं लिहा," तो म्हणाला. "फक्त नाव नको. आणि दाव्याचा क्रमांकही…"

ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच का, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही.

त्यानंतर तो शनिवारी येऊ लागला. कागद धरायला, असं तो म्हणायचा. एप्रिलमध्ये निरुपमाच्या लक्षात आलं, की चांगली दप्तरं आपण शुक्रवारी उघडतच नाही.

जूनमध्ये व्हायवा झाली. अहमदाबादहून आलेले परीक्षक म्हणाले, तिसरं प्रकरण सगळ्यांत चांगलं आहे. पण दाव्याचा क्रमांक कुठे आहे?

"बाई हयात आहेत, सर. मी शब्द दिलाय."

"मग हा दावा झाला होता, हे मी कशावरून मानायचं?"

कायदा शिकलेली असल्यामुळे त्यांचं बरोबर आहे हे तिला कळत होतं. तीन महिन्यांत क्रमांक द्या, नाहीतर प्रकरण गाळा, असा निर्णय झाला. भरूचच्या कॉलेजात जुलैपासून तिला मिळणार असलेली शिकवायची नोकरी त्यामुळे हातची गेली.

अमोघ बाहेर व्हरांड्यात उभा होता. तिने सगळं सांगितलं. तो फरशीकडे बघत राहिला.

"तुमच्या घरात न बोलायची चाल जुनीच दिसते," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच करजणला गेला. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की हे ठरवताना मला विचारावंसं दोघांपैकी एकालाही का वाटलं नाही? मग तिने कागद मागितला. घरी अमोघचे वडील तासभर संतापून बोलले. मुलाकडच्यांना यशश्रीने स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी आठ दिवस घेतले आणि होकार कायम ठेवला. त्यांची एक काकू मात्र लग्नाला आली नाही.

आत्याची चिठ्ठी घेऊन अमोघ दांडिया बाजारात आला. तीत तीनच वाक्यं होती: "माझे पूर्ण नाव लिहावे. क्रमांकही लिहावा. मी कोर्टात खोटे बोलले नव्हते."

सप्टेंबरमध्ये प्रबंध मंजूर झाला. बांधून आलेली प्रत घेऊन दोघं करजणला गेली. निरुपमा इंग्रजीचं मराठी करत तिसरं प्रकरण वाचू लागली. चौथ्या पानावर आत्या आरामखुर्चीत झोपून गेली.

"आता दप्तरखान्यात यायला काही कारण उरलं नाही," अमोघ हळूच म्हणाला.

"तुमचं तर मार्चमध्येच संपलं होतं."

"तुम्हाला कळलं होतं?"

"अहो, एकदा तुम्ही कागद उलटा धरला होतात. मी तसाच वाचला."

तो हसला, मग गंभीर झाला. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. घरी सांगून झालंय. तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं…"

निरुपमाने आत्या खरंच झोपली आहे ना, ते पाहून घेतलं.

"मलाही करायचंय," ती म्हणाली. "पण भरूचची जागा पुढच्या जूनमध्ये पुन्हा निघेल, आणि ती मी घेणार. रोज सकाळी सहाची गाडी."

"मी स्टेशनवर सोडीन."

"उठशील तू?"

ते 'तू' तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने ते दुरुस्त केलं नाही.

करजणला येताना एस.टी.त ती दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसली होती. परतताना मागचं एकच बाक रिकामं होतं. वाटेतलं वरणामा गाव येईपर्यंत अमोघला झोप लागली होती, आणि त्याचं डोकं खिडकीवर आपटू नये म्हणून निरुपमाने मध्ये आपला हात धरला होता.