मोळ्या कोण बांधणार?

"ओ बाई, जीव नका देऊ!" असं कुणीतरी ओरडलं आणि माझे दोन्ही पाय धरून मला विहिरीच्या काठावरून मागं ओढलं. कोपरं सोलवटली, हातातला टेप आत पडला. शिव्या घालायला मी तोंड उघडलं... तर तो माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता.

"जीव कोन देतंय? पानी मोजत होते मी!"

"पानी?" त्यानं आत डोकावलं. "कुठंय?"

तशी त्याची चूक नव्हती. त्या दुष्काळाच्या साली आमच्या शिरूर कासारकडं विहिरीच्या काठावर पालथं पडलेलं माणूस दिसलं की लोकांच्या मनात तेच यायचं. तो मुकाट्यानं पायऱ्या उतरून टेप घेऊन वर आला, पण हातात देईना.

"मी शहादेव. टँकरवर हाय. नाव सांगा, मंग देतो."

"शिवकन्या. न्हाई दिलात तर ढकलून देईन."

"आत पानी न्हाई."

"पडायला पानी लागत न्हाई."

तो हसला. हसताना डाव्या गालावर खळी पडायची मेल्याच्या! मी टेप ओढून घेतला आणि उगाचच त्याच्यावर चिडून राहिले.

गावातल्या पाणलोट सहकारी संस्थेनं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली आम्ही आठ पोरंपोरी निवडली होती. वर्षभर जमीन मोजायची, नकाशा वाचायचा, दर पंधरवड्याला विहिरींची पातळी घ्यायची. शेवटी परीक्षा. पास झालं की संस्थेतच बारा गावांच्या पाण्याचा हिशेब ठेवायची नोकरी. सत्यभामा मॅडम बीडहून शिकवायला यायच्या. त्यांची अट एकच होती, एक पंधरवडा चुकला की नाव कट. मला ती नोकरी हवी होती, दुसरं काही नको होतं. म्हणजे... तेव्हा नको होतं.

रात्रीतून जो वीतभर पाझर जमायचा, तो टँकर विहिरीत ओतायच्या आधी मोजावा लागे. मला उशीर झाला तर शहादेव थांबायचा. बाया घागरी घेऊन ओरडायच्या, आणि हा म्हणायचा, "थांबा मावशी, इंजन गरम झालंय."

"इंजन, का दुसरंच काय?" त्यातली मुक्ताबाई म्हणाली, तेव्हा अख्खी विहीर हसली. माझे आकडे चुकले. पुन्हा मोजावं लागलं.

एकदा त्यानं सांगितलं, त्याचा जन्म उसाच्या फडातच झाला, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. त्याच फडात त्याची आई साप चावून गेली, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. "फडात पुन्यांदा पाय ठेवनार न्हाई," तो म्हणाला. त्याच्या हाताला हात लागला, तो तसाच राहू दिला.

दसरा झाला. आप्पा, म्हणजे माझे वडील, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "शिवे, यंदा तुला यावं लागन. आर्धा कोयता कुनी घेत न्हाई."

आमच्याकडं नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधायच्या. उन्हाळ्यात आईची गर्भपिशवी काढली होती, तेव्हापासून तिला वाकता येत नव्हतं. फडात जायचं म्हणजे पाच महिने. माझं नाव तर पहिल्याच पंधरवड्यात कट झालं असतं.

शहादेवला सांगितलं, तर तो टँकर ओतायचाच विसरला. मग हळूच म्हणाला, "माझ्याशी लगीन कर. मंग बाप कसा नेईल?"

किती दिवस मी हे ऐकायची वाट बघत होते... आणि ऐकून रडू आलं. "लगीन झालं की आपन एक कोयता, शहादेव. दुसऱ्या दिवशी मुकादम दारात."

दोन दिवसांनी टोळी जमवणारा मुकादम आसाराम आमच्या अंगणात, जमलेल्या गड्यांसमोर बसून जोड्या लिहीत होता. "आप्पा, तुमच्यासंगं बाई कोन?"

"मी," मागून आवाज आला. "शहादेव लिव्हा. मोळ्या मी बांधतो."

अंगण फुटलं हसून. "शहाद्या, कुनाची बायकू झालास बे?"

"बायांचं काम हाय ते," आप्पा म्हणाले.

"हात दोनच लागतेत. टँकरची चावी दिली मालकाला."

आप्पांनी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "लिव्हा," ते म्हणाले.

मला राग आला, भयंकर राग. माझ्यासाठी त्यानं फडात जावं, हे मी मागितलं नव्हतं. त्याच्याशी बोलणंच टाकलं. दिवाळीनंतर ट्रॅक्टर निघायला लागला, तेव्हा मात्र पळत गेले. तो आप्पांशेजारी वळकटीवर बसला होता. चेहरा राखेसारखा झालेला.

"मोडून आलास तर?"

"तर बसून खाईन तुझ्या पगारावर. हसायचं ते लोकांनी आत्ताच हसून घेतलंय."

मला हसू आलं नाही. "मला तू पायजेस, शहादेव. नोकरीबी पायजे. दोनी पायजे." सगळ्यांदेखत बोलले, आप्पांदेखत. आप्पांनी मान फिरवली, पण गप म्हणाले नाहीत.

शहादेवनं ट्रॉलीच्या गजावरचा माझा हात घट्ट धरला. "मंग पास हो," तो म्हणाला. "न्हाईतर मी उगंच बाई झालो."

ट्रॅक्टर हलला. धूळ बसेपर्यंत मी तिथंच उभी होते. मग डोळे पुसले आणि निघाले. त्या दिवशीच्या सात विहिरी मोजायच्या राहिल्या होत्या.