गोंद्या का घसरला?

चैत्राली न्हाणीघराचं दार लावून रडू आवरत बसली होती. पोटावरची पिशवी पुन्हा गळली होती. उद्या वर्गाची सहल पाणबुडीतून समुद्रतळाशी जाणार होती, आणि एकदा पाणबुडीचं दार बंद झालं की संध्याकाळपर्यंत वर येणं नव्हतं. तिथे सगळ्यांच्या देखत पिशवी गळली तर?

काही महिन्यांपूर्वी तिच्या आजारी आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून तिच्या पोटावर स्टोमा (आतड्याचं टोक बाहेर आणून केलेली शीची वाट) होता आणि त्यावर पिशवी. पिशवीची चकती (त्वचेला चिकटणारा भाग) बाबा फार जपून लावायचे. आधी कोमट पाण्याने पुसायचे, मग लाल झालेल्या कातडीवर हळुवार खोबरेल तेल फिरवायचे. एवढं करूनही चकती का उचकटते, हे कोडं काही उलगडत नव्हतं.

हिरमुसून ती गॅलरीत आली. काचा पुसणारा यंत्रमानव गोंद्या पायांच्या चिकट गाद्यांवर बिनधास्त वर चढत होता. मघाशी बाबांनी तेलकट हाताने काच सरकवली होती. नेमका तिथे पाय पडला आणि स्वारी सर्रकन घसरून दोरीला लोंबकळली.

"तुझा गोंद संपला का रे?" तिने विचारलं.

"गोंद आहे तसाच आहे," गोंद्या म्हणाला. "पण मध्ये तेल आलं. मी काचेला चिकटलोच नाही, तेलाला चिकटलो. आणि तेल कुणालाच धरून ठेवत नाही."

चैत्रालीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिच्या चकतीखालीही तेलच होतं! आता हे बाबांना सांगावं लागणार होतं.

तिने सांगितलं तेव्हा बाबांनी तेलाची बाटली उचलून बाजूला ठेवली.

"म्हणजे मीच तुला त्रास..."

"तुला कुठे माहीत होतं, बाबा?"

दोघांनी दवाखान्यातल्या सिस्टरांना पडद्यावर बोलावलं. तेल बंद, हे त्यांनी लगेच सांगितलं. शिवाय आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेला आली. ऑपरेशननंतर स्टोमा हळूहळू आकसतो, पण बाबा चकतीचं भोक अजून जुन्याच मापाने कापत होते. उरलेल्या फटीत शी साचायची आणि तिच्यातले पाचकरस (अन्न विरघळवणारे रस) कातडी जाळायचे. जळलेली कातडी पाझरते, ओल्या कातडीवर चकती टिकत नाही, आणि पिशवी परत गळते. म्हणून भोक स्टोमापेक्षा जेमतेम मोठं हवं. कातडी साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडी करायची. पाझरत्या जागी सिस्टर सांगतील ती पावडर लावून जास्तीची झटकायची. चकतीवर तळहात ठेवून ऊब द्यायची, म्हणजे गोंद नीट बसतो. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. एवढं करूनही लाली हटली नाही, तर दाखवायला यायचं.

सकाळी चैत्रालीने चकतीच्या कडेवरून बोट फिरवलं. कड कोरडी होती. तरीही तिने जादा पिशवी आणि कपडे दप्तरात भरले. दारात बाबा तेलाची बाटली घेऊन घुटमळत होते.

"केसांना लावू?" त्यांनी हळूच विचारलं.

ती केस मोकळे सोडून त्यांच्यापुढे पाठ करून बसली.

पाणबुडीचं दार बंद झालं तसा तिचा हात आपसूक पोटावर गेला. कोरडं होतं. हात तिथेच राहिला. मग काचेबाहेर पहिला मासा दिसला, आणि मैत्रिणीला तो दाखवायला तिने तोच हात उचलला.