रुद्रम्माच्या रेडिओची गुणगुण

तो दुकानात आला तेव्हा त्याच्या छातीशी वाकळेत गुंडाळलेलं काहीतरी होतं. परतीच्या पावसात ते भिजू नये म्हणून स्वतः पार भिजला होता.

"बाळ आजारी असेल तर दवाखाना पलीकडं आहे," मी म्हणाले.

"बाळ न्हाय. म्हातारं आहे." त्यानं वाकळ उलगडली. आत व्हॉल्व्हचा रेडिओ... लाकडी पेटी, पुढं मळकी जाळी. "एसटीत एका मावशीनं बाळ समजून जागा दिली. मी बसलो पण. मेकॅनिक कुठायत?"

"समोर."

त्यानं मागं वळून बघितलं. मग माझ्याकडं. मग त्याचे कान लाल झाले आणि मी हसले. हसायला नको होतं. तुळजापुरात पोरगी गिऱ्हाइकाशी हसली की संध्याकाळपर्यंत स्टँडभर होतं.

दुकान अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील, धोंडीबा; ते हलगी वाजवायचे आणि रेडिओ दुरुस्त करायचे. हात कापायला लागले तशी हलगी भिंतीवर गेली आणि सोल्डरिंग माझ्याकडं आलं. आम्ही मातंग. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं सगळं त्याच्यावरच अडलं.

त्याचं नाव विरेश. लिंगायताचा, अणदूरला कापडाचं दुकान. आई रुद्रम्माला, त्याच्या अव्वाला, विसरण्याचा आजार. मराठी विसरली, माहेरची कन्नड तेवढी उरली. रेडिओ बंद पडल्यापासून ती घास तोंडात घेत नव्हती.

"डॉक्टर म्हणतात, ओळखीचं काहीतरी कानावर राहू द्या. कसंही करा, पण हा वाजवा."

जुना रेडिओ थेट लायनीवर लावायचा नसतो, जळतो. मी मधे सिरीजचा बल्ब टाकला. बल्ब भक्कन पेटला.

"शॉर्ट आहे. कंडेन्सर गेलाय. आणि तुम्ही एक हात मागं घ्या, आत तीनशे व्होल्ट असतात."

"दोन्ही हात लागले तर?"

"करंट छातीतून जातो."

"तो तर हात न लावताच..."

"असली वाक्यं कापडाच्या दुकानात खपत असतील," मी म्हणाले. पण सोल्डरचा थेंब भलत्याच जागी पडला.

कंडेन्सर सोलापूरहून यायचा होता. त्याला काय फोन करता येत नव्हता? तरी तो दर दोन-तीन दिवसांनी विचारायला यायचा.

"कस्तुरा... एवढं जुनं नाव?"

"आजीचं आहे. दुरुस्त करून वापरतेय."

गेलेला कंडेन्सर काढून मी व्हॉल्व्ह तेवढे तपासायची. ते तापून लाल व्हायला थोडा वेळ लागतो. आम्ही दोघं पेटीत डोकावून बघत राहायचो. त्या वेळात बोलायचं न्हाय असा काही नियम नव्हता, पण आम्ही बोलायचो न्हाय. त्याचा श्वास माझ्या कानापाशी, आणि आत हळूहळू काच पेटतेय...

शेवटी रेडिओ वाजला. काचेसारखा स्वच्छ. तो घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला, तोंड पाडून.

"अव्वा म्हणते, हा आपला न्हाय. आपल्यातून घूं... असा आवाज यायचा."

"ती घूं म्हणजेच बिघाड होता. तो मी काढला."

"परत घालता येईल का? आज सकाळपासून तिनं पाणी पण घेतलं न्हाय, कस्तुरा."

मला राग आला. मग राग गेला. मी लहान कंडेन्सर बसवला. रेडिओला धोका न्हाय, पण आवाजामागं बारीक गुणगुण येते. नीट केलेलं काम आपल्याच हातानं बिघडवायचं... त्याच्यासाठी केलं. नीट बसवून यावं म्हणून त्याच्यासोबत अणदूरला गेले.

रेडिओ लावला. आधी गुणगुण, मग कुठलं तरी कन्नड केंद्र. रुद्रम्मानं पेटीला गाल लावला. विरेशनं भाकरीचा घास पुढं केला आणि तिनं तो घेतला. तो रडत होता. मीही.

मग तिनं माझा हात धरला. "यार मगळू?" कुणाची मुलगी, म्हणून विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न, विरेशला. "नम्मवरा?" आपल्यातली आहे का?

नवऱ्याचं नाव गेलं, पोराचं गेलं, मीठ कुठलं अन् साखर कुठली तेही गेलं. जात न्हाय गेली. ती डोक्यात नसतेच बहुतेक. आपल्याकडं ती जन्मल्या जन्मल्या हाडात भरतात.

विरेशनं एकदा माझ्याकडं बघितलं.

"हौदु, अव्वा," तो म्हणाला. हो. आपल्यातलीच.

म्हातारीनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

फाट्यावर एसटीची वाट बघताना तो एकदम बोलला. "मला तुझ्याशीच लग्न करायचंय, कस्तुरा. अव्वाला पसंत आहेस. भावकीला पण असंच सांगू... तिकडं बेळगावकडची आहे म्हणू. लग्नात नाव तर बदलतातच. शिवप्रिया ठेवू. कोण खोदतंय?"

किती दिवस हे ऐकायची वाट बघत होते मी. ऐकलं, आणि एक पाऊल मागं सरले.

"तूच न्हाय का रेडिओत बिघाड घातलास, अव्वासाठी? तसंच," तो म्हणाला.

"रेडिओला बाप नसतो, विरेश. मला आहे. लग्नात अण्णा कुठं बसतील?"

एक ट्रक गेला, धूळ बसली.

"ते... नंतर भेटतीलच की," तो म्हणाला. हळू, प्रेमानं. त्याला खरंच वाटलं, हे उत्तर आहे.

एसटी आली. मी चढले. तो खिडकीशी धावत आला.

"माझं खरंच प्रेम आहे तुझ्यावर."

"माहीत आहे," मी म्हणाले. "म्हणून तर रडतेय. खोटं असतं तर शिव्या दिल्या असत्या."

त्यानं गजावर हात ठेवला. मी त्यावर माझा ठेवला, कंडक्टर घंटी मारेपर्यंत. मग त्याची बोटं एकेक करून मीच सोडवली.